फळा भिंतीवरच राहू द्या

गेल्या मे महिन्यात शाळेत गेले होते. ठाणे स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवरची अनुदानित शाळा. तिथं मी २९ वर्षं गणित शिकवलं. सुट्टीमुळे वर्गांना कुलपं होती आणि जिन्याखाली एक फळा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मागच्या चौकटीवर तेलरंगात ‘८ ब’ लिहिलेलं. शिपाईकाका म्हणाले, “बाई, तिथं पॅनल लावलं ना, म्हणून उतरवला. भंगारवाला सोमवारी येतोय.” आम्ही दोघांनी मिळून तो फिरवला. मधला भाग पुसलेला होता, डावा कोपरा मात्र तसाच राहिला होता. एप्रिलमधली शेवटची तारीख, पट ५४, हजर ५१. अक्षर मॉनिटरचं, सहाच्या आकड्याला उगाच लांब शेपूट असलेलं.

मग वर्ग उघडून पॅनलही, म्हणजे फळ्याच्या जागी लावलेला टीव्हीसारखा डिजिटल पडदा, पाहिलं. ७५ इंची आहे, स्वच्छ दिसतं, बोटानं चालतं. पॅनल नको, असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पॅनल लावताना फळा उतरवला जातोय, आणि हे चुकीचं आहे. ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-वाशीकडे माझे जुने सहकारी आणि विद्यार्थी शिकवतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडून हेच ऐकते. समोरच्या भिंतीची मधली जागा एकच असते, ती पॅनलला जाते. फळा निघतो, किंवा कोपऱ्यात दोन-तीन फुटांचा पांढरा बोर्ड होऊन उरतो. कुणी बसून, चर्चा करून हे ठरवलेलं नसतं. बसवणारा मिस्त्री येतो, मोजतो आणि जागा करून घेतो. शिकवण्याच्या पद्धतीवर एवढा दूरगामी परिणाम करणारा निर्णय ड्रिल मशीन हातात असलेल्या माणसाच्या सोयीनं होऊ नये.

आठवणींपासून सुरुवात करते, कारण या विषयावर बोलायला लागलं की प्रत्येक जण आधी तिथंच जातो आणि त्यात काही वावगं नाही.

माझं प्राथमिक शिक्षण ठाणे पूर्वेला झालं, सत्तरच्या दशकात. तिथला फळा टांगलेला नव्हता. भिंतीतच सिमेंटचा गिलावा गुळगुळीत करून त्यावर काळा रंग दिलेला. मेच्या सुट्टीत तो नव्यानं रंगवला जायचा आणि जूनमध्ये वर्गात शिरलं की ओल्या रेनकोटांच्या वासात तो रंगाचा वास मिसळलेला असायचा. नव्या रंगावर खडू धरत नाही. म्हणून आमच्या बाई पहिल्या दिवशी अख्खा खडू आडवा धरून साऱ्या फळ्यावर फिरवायच्या, मग तो पुसायच्या, आणि त्यानंतरच पहिलं अक्षर काढायच्या. मी शिक्षिका झाल्यावर दर जूनमध्ये तेच केलं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

डस्टर घरून यायचं. आईच्या फाटक्या पातळाच्या चिंध्या कोंबून, वरून जाड टाके घालून शिवलेलं. बुधवारी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही खडू करायचो. पत्र्याच्या साच्याला आतून तेल-रॉकेलचा हात द्यायचा, प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून भराभर ओतायचं, कारण ते डोळ्यांदेखत घट्ट होत जातं. थोड्या वेळानं साचा उघडायचा. निम्मे मोडायचे. उरलेले गच्चीवर उन्हात वाळत ठेवायचे आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला एकाला बसवायचं. आपण ज्यानं शिकतो ते साधन आपल्याला करता येतं, ही जाणीव तेव्हा शब्दांत सांगता आली नसती, पण ती हातात उतरली होती.

भूगोलाच्या तासाला “ऑफिसातून नकाशा आण” असं ज्याला सांगितलं जाई तो त्या दिवसापुरता मोठा होई. कापडावर चिकटवलेला, वर-खाली दांड्या असलेला महाराष्ट्राचा नकाशा खांद्यावर टाकून तो व्हरांड्यातून मुद्दाम सावकाश यायचा. पृथ्वीचा गोल तर फक्त बाई स्वतः आणायच्या. भूमितीचा लाकडी कंपास, त्याच्या एका पायात खोचलेला खडू, भला मोठा गुण्या, कोनमापक. पावसाळ्यात फळा दमट असला की लिहिलेलं आधी दिसतच नसे, आणि वाळत जाईल तसं ओळीमागून ओळ पांढरं उमटत येई. पाढे असे उमटताना मी पाहिलेत.

आता या आठवणी नीट तपासून पाहाव्यात असं मला वाटतं. आपल्याला नक्की काय आठवतं? मी हा प्रश्न माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना अनेकदा विचारला आहे. लाकूड, रंग, खडू यांवर फारसं कुणी थांबत नाही. कुणी सांगतं, अमुक सरांचा ‘क्ष’ कसा होता. कुणाला मराठीच्या बाई शीर्षकाखाली दोन रेघा मारायच्या ते आठवतं. कुणाला आठवतं, इतिहासाचे सर फळ्याकडे पाठ करून लिहीत असत तरी ओळ कधी तिरकी गेली नाही. आपल्या लक्षात राहिलेलं असतं ते एका माणसाचं अक्षर, त्याचा हात, त्याची थांबण्याची जागा. ही निव्वळ हळवी आठवण नाही. वर्गात काय घडत होतं याची ती साक्ष आहे.

भूमितीचंच उदाहरण घेते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश. पॅनलवरच्या तयार पाठात त्रिकोण येतो, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ सरकत येते, कोन रंगतात, ‘सिद्ध झाले’ येतं. ४० सेकंद. सुंदर दिसतं आणि मुलं “हो बाई” म्हणतात. फळ्यावर मी त्रिकोण काढते आणि थांबते. खडू हातातच. या आकृतीत आता काहीतरी भर घालायला हवी, पण काय? वर्ग गप्प. मागून एक जण म्हणतो, बाजू वाढवा. वाढवून पाहते, त्यातून काय मिळतं ते सगळे मिळून पाहतो. दुसरी म्हणते, समांतर काढा. कुठून? पायाखालून की वरून? या सगळ्याला ११ मिनिटं लागतात. सिद्धतेतली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ती रेघ काढण्याचा निर्णय. तो घेताना मुलांनी पाहिला, किंवा त्यांनी स्वतः घेतला, तरच त्यांना भूमिती येते. रेघ आपोआप सरकत आली की येतं ते फक्त पाठांतर.

यावर एक रास्त आक्षेप येतो: पॅनलवरही लिहिता येतं की. येतं. मी स्वतः लिहून पाहिलं आहे. पण हिशेब करू. ७५ इंची पॅनल म्हणजे कर्ण ७५ इंच. रुंदी साडेपाच फुटांच्या आत, उंची तीन फुटांच्या थोडी वर. क्षेत्रफळ सतराच्या आसपास चौरस फूट. आमचा ८ बचा फळा आठ बाय चारचा, म्हणजे ३२ चौरस फूट. जवळपास दुप्पट. पॅनलवर जागा संपली की आपण पुढच्या पानावर जातो आणि पहिलं पान डोळ्यांआड होतं. फळ्यावर तासाची पहिली ओळ तासाच्या शेवटीही डावीकडे शाबूत असते. वर्गात नेहमीच दहा-बारा मुलं दोन ओळी मागे असतात. ती हात वर करत नाहीत, त्यांना लाज वाटते. ती डावीकडे बघतात, हरवलेला दुवा शोधतात आणि परत येतात. फळा त्यांना हे करू देतो, कुणाला कळूही न देता. माझ्या दृष्टीनं फळ्याच्या बाजूचा हा सर्वात मोठा मुद्दा आहे, आणि खरेदीच्या कागदात तो कधीच नसतो.

बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापनात फलकलेखन हे वेगळं कौशल्य म्हणून शिकवलं होतं. फळ्याचे भाग कसे पाडायचे, कुठला भाग शेवटपर्यंत पुसायचा नाही, लिहिताना तिरकं कसं उभं राहायचं म्हणजे मुलांना अक्षर दिसतं आणि आपल्याला मुलं. पाठ टाचणात ‘फलक सारांश’ असा रकानाच असायचा: तास संपताना फळ्यावर काय उरलेलं असेल, ते आधी लिहून दाखवायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, शिक्षकाच्या विचारांची शिस्त त्या एका रकान्यात होती. चाळीस मिनिटांनंतर मुलांच्या डोळ्यांसमोर काय राहावं, हे तास सुरू होण्याआधी ठरवावं लागायचं.

आणि गंमत अशी नव्हे, तर महत्त्वाची गोष्ट अशी, की पडद्यावरच्या शिकवण्यात जे खरोखर चाललं ते फळ्यासारखंच होतं. अमेरिकेतले शिक्षक सलमान खान (नट नव्हेत) यांच्या खान अकॅडमीचे गणिताचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. त्यात काळी पार्श्वभूमी असते, रंगीत हस्ताक्षर असतं आणि बोलता बोलता लिहिणारा एक माणूस असतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पुण्यातल्या एका शिक्षिकेचा फोटो देशभर फिरला. कपड्यांच्या हँगरला मोबाइल टांगून त्या फळ्यावर रसायनशास्त्र शिकवत होत्या. मीही शेवटचं वर्ष तसंच शिकवलं. स्वयंपाकघराच्या दाराला मागून काळा रंग दिला, स्टुलावर पुस्तकांची चळत रचून फोन ठेवला. तयार स्लाइड पाठवल्या तेव्हा मुलं हळूहळू निघून जायची. दारावर लिहायला लागले तेव्हा थांबली. जपानमधल्या नागोयाची हागोरोमो ही खडू करणारी कंपनी २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा कितीतरी गणितज्ञांनी तिचे खडू वर्षानुवर्षं पुरतील एवढे साठवले. पुढे तिची यंत्रं दक्षिण कोरियात गेली आणि तो खडू पुन्हा तयार होऊ लागला. ज्यांना हवं ते उपकरण सहज मिळू शकतं ते लोक खडू साठवतात, याचा अर्थ खडूतून त्यांना काहीतरी मिळत असणार.

फळ्याचा इतिहास इथं थोडक्यात आणते, कारण फळा म्हणजे मागासलेपण ही समजूत त्यातून दूर होते. मराठीत आपण अजूनही ‘धुळाक्षरं गिरवणं’ म्हणतो. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर बोटानं अक्षर काढायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एगमोरमधल्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेलनं मलबारी मुलांना वाळूत लिहिताना पाहिलं, ते आपल्या शाळेत आणलं आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका लिहून इंग्लंडला सांगितलं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी एडिंबरोच्या रॉयल हायस्कूलमध्ये जेम्स पिलन्स मोठ्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी भूगोल शिकवू लागले. एकाच लिखाणाकडे सगळ्या वर्गानं एकदम पाहणं, हे त्या काळात मोठं तंत्रज्ञान होतं.

आपल्याकडे तर ते फार उशिरापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला आलंच नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या वेळी जे सर्वेक्षण समोर होतं त्यात सुमारे ४० टक्के प्राथमिक शाळांत फळाच नव्हता. म्हणून १९८७ मध्ये केंद्राची योजना आली, आपण तिला ‘खडू-फळा’ म्हणतो. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक शिक्षिका, आणि फळा, नकाशे, तक्ते, विज्ञानाची पेटी, पुस्तकं, खेळणी. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. तिकडच्या पाड्यांवर पहिली नोकरी केलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं फळा शाळेत पोचला त्या दिवशीचं वर्णन अनेकदा केलं आहे. चार माणसांनी डोक्यावरून ओढा पार करून आणला होता. एका पिढीला जो मिळवून द्यायला देशाला मोहीम काढावी लागली, तो पुढच्या पिढीत भंगारात देताना निदान एकदा थांबावं.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि तिच्यावरून घाईनं जाणं मला पटत नाही.

पाटी-पेन्सिलच्या आठवणींनी आमच्या वयाची माणसं गहिवरतात. मीही पाटीवरची पेन्सिल खाल्ली आहे, तिची चव मला आजही सांगता येईल. पण मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये त्या पेन्सिली दगडातून कापणाऱ्या कामगारांना धुळीनं सिलिकोसिस झाला, फुप्फुसं दगडासारखी होत गेली आणि माणसं ऐन तरुणपणी गेली. हे मला चाळिशीनंतर कळलं आणि त्यानंतर पाटीबद्दल मी पूर्वीसारखी बोलू शकलेले नाही. आपल्या हातातल्या प्रत्येक साधनाला मागे कुणाचा तरी हात असतो. खडूत दगडाची ती जीवघेणी धूळ नसते, तो मुख्यतः जिप्समचा असतो. तरी दम्याच्या मुलाला, पहिल्या बाकावरच्या मुलीला आणि आयुष्यभर फळ्याशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला त्याचा त्रास होतोच. माझा घसा त्याची साक्ष देतो. कमी धुळीचा खडू, ओलं फडकं, सिरॅमिकचा हिरवा फळा हे उपाय आहेत. साधे आहेत, आणि ते न करणं ही शाळांची चूक होती, फळ्याची नव्हे. पांढऱ्या बोर्डाचं म्हणाल तर धूळ नाही हे खरं, पण मार्कर दर महिन्याला सुकतात, प्लास्टिकचा ढीग होतो आणि वर्षभरात जुन्या अक्षरांच्या सावल्या पुसल्या जात नाहीत.

पॅनल जे करू शकतं ते फळा कधीच करू शकणार नाही, हेही मला मान्य आहे. हृदयाचे कप्पे उघडताना-मिटताना दाखवणं, फलनाचा आलेख किंमत बदलली की कसा हलतो ते दाखवणं, ज्वालामुखी, ग्रहण, ज्ञानेश्वरीचं हस्तलिखित. माझ्या वर्गात अंधूक दिसणारा एक मुलगा होता. त्याच्यासाठी मी फळ्यावर मोठं लिहायची, तरी तो शेजाऱ्याच्या वहीवर जगला. पॅनलवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. तो आज शाळेत असता तर त्याचं आयुष्य सोपं झालं असतं. आमच्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेनं डिजिटल वर्गाचा प्रयोग केला आणि राज्यभरातले शिक्षक तो बघायला आले. तिथं यश आलं कारण शिक्षकानं ते साधन स्वतः हवंसं मानून, स्वतः जुळवून उभं केलं होतं. ते वरून उतरलेलं नव्हतं.

आणि इथंच माझा दुसरा मुद्दा सुरू होतो. साधन येतं कुठून आणि बिघडलं की जातं कुठं?

आमच्या शाळेच्या स्टाफरूममागे एक कोंदट खोली आहे. तिच्यात पुस्तकातलं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणारा एपिडायस्कोप आहे, स्लाइड प्रोजेक्टर आहे, दोन ओव्हरहेड प्रोजेक्टर आहेत, एक लाकडी शटरचा टीव्ही आहे. प्रत्येक वस्तू समारंभानं आली. बहुतेक एखादा दिवा, एखादी वायर किंवा एखादा न मिळणारा सुटा भाग, एवढ्यावरून बंद पडली. संस्थांचंही तसंच होतं. पुण्याच्या बालचित्रवाणीनं १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले. आम्ही सगळा वर्ग त्या टीव्हीसमोर बसवून ते दाखवायचो. २०१७ मध्ये ती बंद झाली. आता त्याच रांगेत पॅनल उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. माझ्या ओळखीच्या एका शाळेत एक पॅनल पावसाळ्यात बंद पडलं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद होतं. हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा करार नाही, ज्याच्याकडे पासवर्ड तो तंत्रज्ञ नोकरी सोडून गेलेला. त्या वर्गात फळा उरलेला नव्हता. शिक्षक वर्षभर तोंडी शिकवत होते आणि एका कार्डबोर्डवर स्केचपेननं लिहीत होते. फळा बिघडला तर शिपाईकाका रविवारी येऊन रंगवतात. एवढाच फरक, पण मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष त्या फरकावर ठरतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आणि कंपन्या पुष्कळ आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्यातून शाळांना मदत मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पॅनलचा फोटो निघतो. वर्षभराच्या दुरुस्तीचा, विजेच्या बिलाचा, शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा फोटो निघत नाही. ज्याचा फोटो निघतो त्यालाच पैसे मिळत राहिले तर ती कोंदट खोली भरतच जाणार.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वेगळा मार्ग काढला होता, तोही याच जुन्या ठाणे जिल्ह्यात. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं तेव्हा माँटेसोरीची साधनं आदिवासी पाड्यावर परवडण्यासारखी नव्हती. मग बिया, शिंपले, खडे, पानं, माती यांची साधनं झाली. मुलं ती स्वतः गोळा करून आणायची, हरवली तर पुन्हा आणायची. ताराबाईंनी परदेशी विचार नाकारला नाही. तो इथल्या हातांना पेलेल असा करून घेतला. साधन निवडण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

माझी सगळ्यात मोठी भीती अजून सांगितली नाही. पॅनल महाग असतं, म्हणून त्याला हात लावायची परवानगी मुलांना नसते. नियम म्हणून कुठं लिहिलेलं नसेल, पण मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप लागतं आणि तासाला शिक्षक म्हणतात, “लांबून बघा.” फळ्यापाशी मूल उभं राहतं. “ये, सोडव” म्हटल्यावर ते पायऱ्यांचा हिशेब करत पुढं येतं, खडू घेतं, त्याचा हात थरथरतो, ते चुकतं, तळहातानंच पुसतं, पुन्हा लिहितं. सगळ्यांसमोर चुकणं आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करणं, हे शाळेत शिकायच्या गोष्टींपैकी पहिलं आहे. काही शिक्षकांनी याच फळ्यापाशी मुलांचा अपमान केला, डस्टर फेकून मारले, हे मी विसरलेले नाही. पण त्यावर उपाय शिक्षकाची वागणूक बदलणं हा आहे, मुलाला फळ्यापासून दूर ठेवणं हा नाही. मधल्या सुट्टीत फळ्यावर काढलेली चित्रं, लिहिलेली नावं, खेळातली शाळा-शाळा, यांतून किती मुली शिक्षिका झाल्या हे कुणी मोजलेलं नाही. मी त्यांतली एक आहे.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांनी फरशीच रंगवून मुलांना लिहायला दिली, तेव्हा सारा महाराष्ट्र ते बघायला गेला. लहान मुलांच्या उंचीचा, भिंतीच्या तळाशी धावणारा फळा असावा, हा विचार शाळांच्या इमारतींविषयीच्या उपक्रमांत वर्षानुवर्षं आहे. म्हणजे फळा कमी करण्याऐवजी वाढवा, खाली आणा, मुलांच्या हातात द्या, असं आपल्याच राज्यातला अनुभव सांगतो. २०२३ मध्ये युनेस्कोच्या अहवालानं शिक्षणातलं तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर, असा प्रश्न विचारला. त्याच वर्षी स्वीडननं शाळांसाठी पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा लावला. बाहेरच्यांचा दाखला मी एवढ्यासाठीच देते, की आपण जे घाईनं सोडतोय ते सोडून काही देश परत फिरताहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्ययन-अध्यापन साहित्य द्यावं असं म्हटलं आहे. गरज कुणी ठरवायची? माझं उत्तर: त्या वर्गात उद्या सकाळी उभ्या राहणाऱ्या शिक्षकानं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शाळा असोत, जिल्हा परिषदेच्या असोत की आमच्यासारख्या अनुदानित, पॅनलची मागणी शिक्षकाच्या सहीनं व्हावी, तीत पाच वर्षांच्या दुरुस्तीची आणि विजेची तरतूद आधी असावी, आणि पॅनल बाजूच्या भिंतीवर किंवा सरकत्या चौकटीवर बसावं. समोरची भिंत फळ्याची राहावी. नव्या शिक्षकांना पॅनलचं प्रशिक्षण दोन दिवस मिळतं. त्यात एक दिवस फलकलेखनाचा घाला. आता बी.एड. होऊन आलेल्या मुलांना आठ फूट फळ्याचं काय करायचं ते कळत नाही, ती एका कोपऱ्यात वहीच्या आकाराचं लिहितात. त्यांना ते कुणी दाखवलेलंच नाही.

८ बचा फळा सोमवारी भंगारात गेला नाही. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले, त्या माझ्याच जुन्या सहकारी. त्या म्हणाल्या, “बाई, मला पटतं. मागच्या भिंतीवर बसवूही. पण मिस्त्री, पट्ट्या, बोल्ट, रंग, हे कुठल्या खात्यात टाकू? पॅनलच्या प्रस्तावात फळा पुन्हा बसवण्याची ओळच नाही, आणि वेतनेतर अनुदान कधी येईल त्यावर काही धरता येत नाही.” चार माजी विद्यार्थ्यांना फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत पैसे जमले असते. मी केला नाही. एका फळ्याची सोय लागली असती आणि पुढच्या वर्षी नववीच्या तीन वर्गांत मिस्त्री पुन्हा तेच करून गेला असता. नववीच्या पॅनलचा प्रस्ताव आता तयार होतो आहे. बाईंनी तो मला वाचायला दिला. पॅनल, स्टॅबिलायझर, वायरिंग, दात्याच्या नावाची पाटी अशा चार बाबी होत्या. त्याखाली मी पेन्सिलनं पाचवी लिहिली आहे: “समोरच्या भिंतीवरील फळा काढू नये, त्याचे रंगकाम व दुरुस्ती याच रकमेतून.” बाईंनी ती शाईनं गिरवून खाली सही केली. कागद गेल्या गुरुवारी कंपनीकडे गेला आहे.